ऊबदार जागी ठेवावे

९ जानेवारी

भाऊजी, नमस्कार पोचावा.

काल दुपारी पार्सल आलं. आलं ते असं. तुमच्या मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाचं पुस्तक एक, कोरं, काही पानं अजून एकमेकांना चिकटलेली. पिशवी एक, तळहाताएवढी, आत काथ्याचा ओलसर भुसा, वर तुमची चिठ्ठी की १० एप्रिलला भिजवावे. तापमापक एक, कापसात गुंडाळलेला, अखंड. पत्र एक, चार पानी. तिकिटं कमी पडली म्हणून पोस्टमनने तीन रुपये घेतले ते मी दिले, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. एक मात्र विचारते. तुमचं अक्षर एवढं मोठं कधीपासून झालं? ह्यांना यायची ती तुमची पत्रं मुंगीच्या पावलांची असायची, एका कार्डावर अख्खा महिना मावायचा. आता पानात सात ओळी. तुमच्याकडे कागद स्वस्त झालेला दिसतोय.

मागचं पत्र मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिलं, त्यात धड काही नव्हतं. आता नीट सांगते. हे वर्गात फळ्यावर घागर काढून दाखवत होते. मुलं सांगतात, घागरीची उजवी बाजू उतरतच गेली, खडू फळ्याखाली आला, मग हेही. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. बावीस दिवस दवाखान्यात होतो. घरी आणून आता पाच आठवडे झाले. सगळं कळतं असं डॉक्टर म्हणतात. मला तेच जड जातं. न कळणाऱ्या माणसाचं करणं एक वेळ सोपं.

दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. व्यायाम करून घ्यायला एक बाई येते. ती म्हणाली, हात हलेल, पण माणसाला हलावंसं वाटलं पाहिजे, ते मी कुठून आणू, ह्यांना कशाची आवड होती ते बघा. आवड तुम्हाला ठाऊकच आहे. एकवीस वर्षं ह्यांनी खिडकीपाशी ती टाकी सांभाळली. मी कुरकुर केली की म्हणायचे, अगं, हे पाहुणे आहेत, पाच-सहा महिने राहतात नि जातात, तुझ्या माहेरच्यांसारखे नाहीत.

पण आता जे लिहिते ते ह्यांना अजून सांगितलेलं नाही. दवाखान्यात होतो तेव्हा शेजारणीला मासे बघायला सांगितलं होतं. तिने मायेने मूठ मूठ खाणं टाकलं. पाणी नासलं, सगळे गेले. त्यात तिचा दोष नाही. दोष पुढचा आहे, तो माझा. ह्यांना घरी आणण्याआधी मी घर झाडून घेतलं. कपाटाच्या तळाशी भुशाच्या सहा पिशव्या होत्या. मला वाटलं कुंड्यांची माती. फुकट कशाला घालवा म्हणून गुलाबाच्या कुंड्यांत रिकाम्या केल्या. एका पिशवीवर अंडी भिजवायची तारीख दिसली तेव्हा हात थांबला, पण ती सहावी होती, तीही रिकामी झालेली. आधीच्या कुंड्यांना तर दोन दिवस पाणीही घालून झालं होतं. एकवीस वर्षं ह्यांनी जे पिढीमागून पिढी जपलं ते मी काटकसरीने मातीत घातलं. देवापुढे रोज कान धरते.

म्हणून तुमच्या पिशवीवर सगळी भिस्त आहे. ह्यांना दाखवली. भिंतीवरून नजर वळली, पिशवीवर राहिली, परत गेली. दोन मिनिटं असेल, पण वळली.

पुस्तकात पान एकेचाळीसवर लिहिलं आहे की अंड्यांची पिशवी ऊबदार, अंधाऱ्या जागी ठेवावी. आमच्या दोन खोल्यांत ऊबदार जागा दोनच, शेगडीमागचा कट्टा आणि देवाची फळी. कट्ट्यावर उंदीर फिरतो. फळीवर पहाटेपासून निजेपर्यंत दिवा असतो, म्हणून पत्र्याच्या डब्यात घालून दिव्याच्या मागे ठेवली आहे. देवाच्या नजरेसमोर राहील. चुकत असेल तर कळवा.

मास्तरांच्या घरून


२० जानेवारी

वहिनी,

पत्र पोचलं. म्हातारा माणूस मोठ्याने बोलतो तसं मी मोठ्याने लिहितो, एवढंच. तुम्ही कागदाचा हिशोब माझ्या माथी मारू नका. मास्तर बोलते असते तर म्हणाले असते, घड्याळजीने आता भिंतीवरची घड्याळं करायला घेतली म्हणून काटे मोठे झाले.

कुंड्यांचं मनातून काढा. तुमच्याआधी हे पाप करून बसलेले मंडळात तीन जण आहेत. त्यातल्या एकाच्या आईने भुशाने भांडी घासली होती.

तुम्हाला मास्तरांनी सांगितलं असेलच, तरी सांगतो. हा मासा पावसाच्या डबक्यातला. डबकं भरतं तेव्हा जन्मतो, आटतं तेव्हा मरतो, आणि मरण्याआधी अंडी चिखलात पुरून ठेवतो. चिखल वाळतो, अंडी आत थांबून राहतात. पुन्हा पाणी आलं की तासाभरात पिल्लं. एवढा धीर मी माणसात पाहिला नाही. ज्या डबक्यातून पहिली जोडी आणली त्यावर आता रस्ता आहे. म्हणजे जे आहे ते आपल्या मंडळींच्या टाक्यांत आणि पिशव्यांत. चाळीस सभासद होतो तेव्हा महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या दुकानामागच्या खोलीत उभं राहायला जागा नसायची. बारक्या बाटल्या घेऊन लोक जिन्यावर बसायचे. मास्तर फळ्यावर माशाचं चित्र काढायचे, एकेक ठिपका मोजून. पुढे लोकांना मोठे, रंगीत, दहा वर्षं जगणारे मासे हवेसे झाले. पाच महिन्यांत मरणारा मासा कोण पाळणार.

असो. मास्तरांना पुस्तकातलं पान न् पान पाठ होतं. तुम्हीही शंका आली की पुस्तक उघडा आणि त्यात आहे तसंच करा. मला विचारून उत्तराची वाट बघत बसू नका, टपालाला आठ दिवस लागतात. रोजच्या नोंदी ठेवा. मास्तर सांगायचे, आमच्या घरी काडेपेटीतल्या काड्यांचाही हिशोब असतो. तो गुण आता कामी आणा.

मास्तरांना म्हणावं, पहिल्या रविवारी खुर्ची अजून रिकामी ठेवतो.

घड्याळजी


१६ फेब्रुवारी

भाऊजी, नमस्कार.

काड्यांचा हिशोब मी ठेवत नाही, फक्त पेट्यांचा ठेवते. ह्यांना तिखटमीठ लावून सांगायची खोडच होती. होती असं लिहून गेले. खोडत नाही, कागद खराब होतो.

सोबत नोंदींचं पान जोडलं आहे. तापमापक डब्यात पिशवीला टेकून ठेवला आहे. सकाळी दिवा लावताना आणि संध्याकाळी, असं दोनदा बघते. एकोणतीसच्या खाली कधी गेला नाही, दुपारनंतर बत्तीस-तेहतीस असतो. बाहेर अजून गारठा आहे, पण आत बाळंतिणीच्या खोलीसारखी ऊब आहे. भुसा वाळतोय असं वाटलं की दोन थेंब पाणी शिंपडते. देवापुढे बसले की शेवटी पिशवीसाठी एक नमस्कार जास्त करते. पान नीट बघा आणि कुठे बिनसत असेल तर लिहा. पुस्तकात आकडे दिलेले नाहीत, नुसतं ऊबदार म्हटलं आहे. तेवढ्यासाठी तुमची वाट बघीन, आठ दिवस लागले तरी लागोत.

ह्यांचं असं आहे. अर्धी वाटी खिमट जातं, तेही रागे भरल्यावर. व्यायामाची बाई उजवा हात उचलते, सोडला की पडतो, उशीवरची उशी पडावी तसा. बोलता येत नाही म्हणून मी पाटी-पेन्सिल आणून डाव्या हाताशी ठेवली. तिला बोट लावलं नाही. मी म्हटलं, डाव्या हाताने लिहा, वाकडं आलं तरी मी वाचीन. तेव्हा माझ्याकडे असं बघितलं की मी पाटी उचलून पलंगाखाली सरकवली. ज्या माणसाने आयुष्यभर फूटपट्टीशिवाय सरळ रेघ मारली त्याच माणसाला मी वाकडं लिहा म्हणाले. पाटी मात्र तिथेच आहे.

थोरली जाऊ परवा येऊन गेली. तिने दारातूनच हळहळ केली आणि टाकीकडे बघून म्हणाली, ही अडगळ काढलीस तर पलंग खिडकीपाशी येईल, वारा लागेल. मी म्हटलं, वारा नको, एप्रिलमध्ये तिथे पाहुणे येणार आहेत. ती मला बरं नाही असं समजून गेली.

टाकी धुऊन कोरडी करून ठेवली आहे. काच घासताना हे बघत होते. मी मुद्दाम हळू घासली.

मास्तरांच्या घरून


२ मार्च

वहिनी,

नोंदी पाहिल्या. उत्तम आहेत. असंच चालू द्या.

दुकानात काम साठलं आहे म्हणून थोडक्यात. १० एप्रिल विसरू नका. पसरट भांडं घ्या, पाणी चार बोटं, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. पिशवी त्यात रिकामी करा आणि मास्तरांना जवळ बसवा. पिल्लं फुटताना पाहण्यासारखं दुसरं काही नाही.

घड्याळजी


११ एप्रिल

भाऊजी,

पिल्लं आली.

काल सकाळी नऊला पिशवी रिकामी केली. ह्यांना उशांच्या आधाराने बसवलं होतं, भांडं पलंगाला लावून स्टुलावर. भुसा तरंगला, मग हळूहळू खाली बसला. मी स्वयंपाकही ठेवला नव्हता. साडेदहाला एक हललं. डोळ्यांच्या दोन ठिपक्यांना शेपटी लावावी एवढंसं. मग दुसरं. दुपारपर्यंत मी एकोणीस मोजली, वहीत वेळेसकट लिहिली आहेत. 

तळाशी आहेत सगळी. पोटावर सरकतात, सापासारखी वळवळत, मधेच थांबतात, परत सरकतात. जन्मल्या जन्मल्या पोहता कसं येईल म्हणा, आपलीही मुलं आधी रांगतातच. डबक्यातलं पाणी फडक्यातून गाळून त्यातले बारीक किडे सोडले. किडे वर फिरतात, ही खाली, म्हणून ड्रॉपरने तोंडापाशी नेऊन घालते.

ह्यांनी किती वेळ बघितलं म्हणून सांगू. मी ह्यांचं भिंग, टाकीपाशी असायचं ते, डाव्या हातात दिलं. धरलं. चार महिने ज्या हाताने चमचा धरायला नको म्हटलं त्या हाताने भिंग धरलं आणि मान पुढे घातली. मी देवाकडे बघून हात जोडले. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं, म्हणजे सोडूनच दिलं, ते चादरीवर पडलं. माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून भिंतीकडे केली. दमले असणार. इतका वेळ बसायची सवय गेली आहे. संध्याकाळी जेवले नाहीत, आज सकाळीही नाही, पण आनंदानेही भूक मरते असं मी ऐकलं आहे.

आज पाच पिल्लं हलत नाहीत. उरलेली चौदा अजून रांगतात. वर कधी यायला लागतील तेवढं कळवा. म्हणजे मी ह्यांना सांगीन, अमक्या दिवशी पुन्हा बसायचं आहे.

मास्तरांच्या घरून


२४ एप्रिल

वहिनी,

हे पत्र माझी मुलगी लिहिते आहे. मी सांगतो तसंच लिही, मधे पदरचं घालू नको, असं तिला बजावलं आहे.

ती वर येणार नाहीत. आत्तापर्यंत एकही उरलं नसेल. पिल्लू अंड्यात तयार होऊन फार दिवस अडकून राहिलं की अंगातली शिदोरी संपते आणि ज्या फुग्याने मासा पाण्यात उचलला जातो तो त्याला भरता येत नाही. मग ते तळाशीच सरपटतं आणि तिथेच संपतं. याला उपाय नाही. हे मंडळातल्या कुठल्याही जुन्या माणसाला पहिल्या नजरेत कळतं. मास्तरांना भिंगातून कळलं असणार.

असं का झालं ते आता सांगतो. ऊब दिली की अंडी लवकर तयार होतात. तेहतीसमध्ये ती फेब्रुवारीअखेरीलाच फुटायला तयार होती. तुम्ही १० एप्रिलपर्यंत थांबलात, कारण चिठ्ठीवर मी तेच लिहिलं होतं. आपलं पुस्तक एका थंड मुलखातल्या पुस्तकावरून केलं आहे. तिथे घर गोठलेलं असतं, म्हणून तिथला माणूस ऊबदार म्हणतो. छापून आल्यावर पहिल्याच वर्षी आमच्या पिशव्या वाया गेल्या आणि मी शुद्धिपत्र छापून घेतलं, की पान ४१, ऊब मुळीच देऊ नये, घरातली सर्वांत गार जागा पाहावी. प्रत्येक प्रतीत ते मी स्वतः चिकटवायचो. तुम्हाला पाठवलेल्या प्रतीत ते नव्हतं. कपाटात चिकटवलेल्या आणि कोऱ्या प्रती शेजारी शेजारी होत्या, आणि कुठली कुठली ते मला दिसलं नाही.

वहिनी, मला दिसत नाही. दोन वर्षांपासून कमी होत होतं, गेल्या हिवाळ्यात पार गेलं. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. दुकान कारागीर चालवतो, मी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला नमस्कार करतो. आंधळा घड्याळजी म्हटलं की लोक घड्याळ उचलून नेतात, म्हणून कोणाला बोललो नाही. तुमची पत्रं मी खिडकीत धरून चार-दोन शब्द लावायचो, बाकी अंदाजाने. दिव्यामागे ठेवलेल्या पिशवीचं तुम्ही पहिल्याच पत्रात विचारलं होतंत. नोंदींचं पान पाठवून पुन्हा विचारलंत. मी उत्तम आहेत म्हणून कळवलं. ते पान परवा मुलीने वाचून दाखवलं तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं. बत्तीस, तेहतीस, तेहतीस. मी तिला थांब म्हणालो.

तुमचा दोष कणाचाही नाही. तुम्ही दोनदा विचारलंत.

दुसरी पिशवी नाही. ही शेवटची होती, तेही मी लपवलं. उरलेल्या सात सभासदांना पत्रं घातली. एकाने टाकीत झाडं लावली आहेत. दोघे वारले. एकाच्या सुनेने लिहिलं की सासऱ्यांना पुन्हा त्या नादाला लावू नका. तिघांचं उत्तर नाही, पत्ते तरी बरोबर आहेत का देव जाणे.

एक करून बघा, आशा धरू नका. भांड्यातला भुसा फेकला नसेल तर गाळा, फडक्यात पिळा, सावलीत अर्धा दिवस ठेवा आणि पुन्हा पिशवीत भरा. प्रत्येक खेपेत दोन-चार अंडी झोपाळू असतात, पहिल्या पाण्याला उठत नाहीत. डबकं अवेळी भरून लगेच आटलं तर सगळंच बुडू नये म्हणून असेल. मोरीपाशी गारव्याला ठेवा आणि पंधरा-वीस दिवसांनी भिजवा.

जूनअखेर मी मुलीकडे राहायला जातो. मंडळाची वही बंद केली.

घड्याळजी

काकू, बाबांनी बजावलं तरी एक ओळ माझी. हे सांगायला त्यांना तीन दिवस लागले.


९ मे

भाऊजी,

राग आला. तो देवाला सांगितला आणि तुम्हालाही सांगते, मनात ठेवलं की नासतं. डोळे गेले यात तुमचा दोष नाही, पण उत्तम आहेत असं लिहायला डोळे लागत नव्हते. वाचलं नाही एवढं जरी लिहिलं असतंत. मी वाट बघितली असती. दुसऱ्या कोणाला विचारलं असतं. आठवडाभर पेन उचललं नाही ते यासाठी.

मग परवा ह्यांचं स्वतःचं पुस्तक सापडलं, गादीखाली, पलंगाची कुरकुर थांबावी म्हणून पायाशी सारलेलं. पान एकेचाळीसवर तुमची चिकटवलेली पट्टी आहे, कड न् कड सरळ. शेजारी ह्यांनी पेन्सिलीने दिवा काढून त्यावर फुली मारली आहे. म्हणजे नव्या सभासदांपैकी कोणीतरी आधीही दिव्यापाशी ठेवून बसलं होतं. पुस्तक पाच महिने ह्यांच्याच गादीखाली होतं आणि मी त्यावर चादर बदलत होते.

एवढंच नाही. देवाची फळी ह्यांच्या पलंगावरून समोर दिसते, मान वळवली तर. ते भिंतीकडे बघत असत म्हणून डबा त्यांना दिसला नसेल असं मी धरून चालले. आता रोज डोक्यात येतं, दिसला असेल तर? आणि सांगायला वाचा नाही. डाव्या हाताने फुली मारायला पाटी मी पलंगाखाली सरकवली होती. मी विचारलं नाही. विचारायचं धैर्य नाही.

पिल्लांचं ह्यांना काही सांगावं लागलं नाही. चौथ्या दिवशी मी भांडं उचललं तेव्हा भिंतीकडूनच डोळे मिटले.

भुसा फेकला नव्हता. मी काही फेकत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही सांगितलं तसं पिळून मोरीपाशी ठेवला आहे. तापमापक तिथे तेवीस दाखवतो. नोंद ठेवते, पण कोणासाठी ते कळत नाही. देवाला यावेळी काही मागितलं नाही.

मास्तरांच्या घरून


१४ जून

भाऊजी, नमस्कार पोचावा. तुमच्या मुलीने हे मोठ्याने वाचावं आणि शेवटची दोन पानं दोनदा वाचावी.

वीस मेला भुसा भिजवला. ह्यांना बसवलं नाही, सांगितलंही नाही, मोरीपाशीच उकिडवी बसून भिजवला. दोन तासांत काही झालं नाही. मी भांडं ओतायला घेतलं आणि मग म्हटलं, दुपारपर्यंत राहू दे, पाणी कुठे पळून जातंय. दुपारी एक पिल्लू होतं. तळाशी नव्हतं. पाण्याच्या मधोमध, कशालाही न टेकता थांबलं होतं.

मी तशीच उभी राहिले. मग काचेच्या बरणीत घेतलं आणि ह्यांच्या उशाशी ठेवली, काही न बोलता, आणि स्वयंपाकघरात निघून गेले. मला पुन्हा ते भिंग पडताना बघायचं नव्हतं. पाऊण तासाने आले तर हे कुशीवर वळलेले होते. डाव्या अंगावर, आपले आपण. भिंतीकडे पाठ.

तेव्हापासून रोज बघतात. आता टाकीत सोडलं आहे. नखाएवढं झालं आहे. नर की मादी अजून समजत नाही, रंग यायचा आहे. ह्यांनी खायला सुरुवात केली, आधी मासा खातो, मग हे खातात, असा क्रम लागला आहे. व्यायामाच्या बाईने उजव्या हाताचं बोट हललेलं दोनदा पाहिलं. मी नाही पाहिलं, पण ती खोटं बोलायची नाही, तिला घाई असते.

गेल्या सोमवारी ह्यांनी पलंगाच्या कडेवरून डावा हात खाली सोडला आणि चाचपडू लागले. मला वाटलं पलंगाखालची तपेली हवी. तपेली दिली तर बाजूला केली. मग कळलं, पाटी. मी पुसून हातात दिली. किती वेळ लागला म्हणून सांगू. पेन्सिल दोनदा पडली. अक्षरं पहिलीतल्या मुलाची, एक मोठं नि एक लहान, ओळ पाटीबाहेर चाललेली. लिहिलं ते एवढंच:

‘जोडी?’

सात महिन्यांत ह्यांचा पहिला शब्द. मी म्हटलं, घड्याळजींना पत्र टाकलं आहे. टाकलं नव्हतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, ह्यांच्याशी मी बाजारातल्या भावातही खोटं बोललेले नाही. तोंडातून आपोआप निघालं. ह्यांनी मान हलवली, आणि तेव्हापासून पोस्टमनची सायकल खाली वाजली की दाराकडे बघतात.

खरं काय ते मला कळवू नका, तुम्ही आधीच कळवलं आहे. हा एकटा आहे. त्याच्या जोडीचं जगात कुठे नाही, आणि असलं तरी आपल्याला मिळणार नाही. मी वहीत हिशोब मांडला. मेमध्ये जन्मलेला मासा ऑक्टोबर बघेल, फार तर नोव्हेंबर. तोवर ह्यांना दाराकडे बघायला काहीतरी पाहिजे. त्यानंतरचं मला दिसत नाही.

म्हणून हे करा. सोबत पाठवलं ते असं. पाकिटं पाच, आमचा पत्ता घालून, तिकिटं लावून. कोरे कागद पाच, मीच जाड काळ्या शाईने ओळी आखल्या आहेत, लांब लांब, म्हणजे कडेच्या नजरेला दिसतील. पाच पत्रं तुम्ही तुमच्या हाताने लिहायची. मुलीच्या अक्षरात नकोत, हे अक्षर ओळखतात आणि पत्र मी वाचून दाखवलं तरी हातात घेऊन बघतील. तिरकं गेलं तर जाऊ दे. ह्यांनी डाव्या हाताने लिहिलं, तुम्ही न बघता लिहा. सगळी आत्ताच लिहून ठेवा, कडेचं तरी दिसतंय तोवर, आणि मुलीला सांगा महिन्याला एक टाकायचं.

पहिल्यात लिहा की शोध सुरू केला आहे, जुन्या एका सभासदाचा पत्ता लागतो आहे. दुसऱ्यात, त्याच्याकडे मासे आहेत असं कळलं. तिसऱ्यात, त्याने अंडी काढून भुशात घातली. चौथ्यात, पिशवी निघाली आहे, गार जागी ठेवा. तेवढं नक्की लिहा, गार जागी, म्हणजे ह्यांना खरं वाटेल. खोट्याचा दोष माझ्या नावावर, तसं मी देवाला सांगून ठेवलं आहे. त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

पाचव्यात काय लिहायचं ते मला सुचत नाही. ते तुम्ही बघा.

आत्ता हे लिहिते तर मासा काचेपाशी आला आहे आणि ह्यांनी काचेला बोट लावलं आहे. दोघे तसेच थांबले आहेत. पोस्टमन यायची वेळ झाली. आज तो काही आणणार नाही, तरी हे दाराकडे बघतील.

पहिलं पत्र तेवढं उलट टपाली पाठवा.

मास्तरांच्या घरून